विल्यम केरी: पाळक, संस्कृतचे प्राध्यापक आणि मराठीचे व्याकरणकार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात विल्यम केरी यांच्याविषयी बोलण्याचे प्रसंग दोन प्रकारच्या मंडळींसमोर येतात: एक म्हणजे मराठी आणि संस्कृत शिकणारे विद्यार्थी, दुसरे म्हणजे चर्चमधील तरुण. विद्यार्थ्यांना व्याकरणकार माहीत असतो आणि पाळक अनोळखी वाटतो. चर्चमध्ये नेमके उलटे असते. खालील उत्तरे देताना हे दोघे एकच गृहस्थ होते, आणि एकाच्या कामावाचून दुसऱ्याचे काम उभे राहिले नसते, एवढे सतत ध्यानात ठेवले आहे.

विल्यम केरी कोण होते?

इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी त्यांचा जन्म झाला आणि ९ जून १८३४ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांचे निधन झाले. ते बॅप्टिस्ट पंथाचे दीक्षित पाळक होते, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात सुमारे तीस वर्षे संस्कृत, बंगाली आणि मराठी शिकवीत होते, आणि बायबलचे अनेक भारतीय भाषांत भाषांतर करणारे व करवून घेणारे होते. १७९३ मध्ये ते भारतात आले, त्यानंतर एकदाही मायदेशी परतले नाहीत. येथे एक खुलासा केलेला बरा: हे श्रीरामपूर हुगळी नदीकाठचे आहे, आपल्याकडचे साखर कारखान्याचे श्रीरामपूर नव्हे.

जोडे शिवणारा मुलगा अभिजात भाषा कुठे शिकला?

कोणत्याही विद्यापीठात नाही. वडील एडमंड विणकर होते आणि पुढे गावच्या शाळेचे शिक्षक झाले, त्यामुळे घरात पुस्तके होती, पण पैसा नव्हता. चौदाव्या वर्षी विल्यमला पिडिंग्टन गावातील क्लार्क निकल्स या जोडे बनविणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. त्याच्या दुकानातील पुस्तकांत बायबलच्या नव्या कराराचे एक भाष्य होते आणि त्यात मध्येमध्ये ग्रीक शब्द छापलेले होते. मुलाने ती अक्षरे जशीच्या तशी उतरवून काढली आणि पॉलर्सपरीत राहणाऱ्या थॉमस जोन्स नावाच्या, कॉलेजात शिकून पुढे विणकर झालेल्या गृहस्थाकडे नेऊन त्यांचा अर्थ विचारला. तेथून ग्रीक आणि लॅटिनचा अभ्यास सुरू झाला; नंतर शेजारच्या पाळकांच्या मदतीने हिब्रू, आणि स्वतःच्या खटपटीने डच व फ्रेंच.

या शिक्षणाचा पुढच्या कामाशी संबंध आहे. व्याकरण कोणीही आयते शिकविले नसल्यामुळे अनोळखी मजकुरातून नियम शोधून काढण्याची सवय त्यांना लहानपणीच लागली होती, आणि मराठीच्या बाबतीत त्यांना नेमके हेच करायचे होते.

ते कोणत्या पंथाचे पाळक होते? कोल्हापूरच्या चर्चशी त्यांचा काही संबंध आहे का?

केरी जन्माने चर्च ऑफ इंग्लंडचे होते, पण तरुणपणी ते त्या चर्चमधून बाहेर पडले आणि ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नॉर्दॅम्प्टनजवळ नेने नदीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बॅप्टिस्ट मंडळी अर्भकांना बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या वयात विश्वास प्रकट केल्यावर पाण्यात बुडवून तो दिला जातो. १७८७ मध्ये मोल्टन येथे त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली आणि १७८९ पासून ते लेस्टरच्या मंडळीचे पाळक होते. पगार इतका तुटपुंजा की शाळा चालवून आणि जोडे शिवून घर भागवावे लागे.

कोल्हापूरचे ख्रिस्ती कार्य वेगळ्या मुळाचे आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल गुल्ड वायल्डर १८५२ मध्ये येथे आले, म्हणजे केरींच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, आणि पुढे ते काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. वायल्डर मेमोरियल चर्चच्या परंपरेत बाळांचा बाप्तिस्मा होतो. त्यामुळे थेट संबंध नाही. मात्र भारतीय भाषांतून बायबल छापून लोकांच्या हाती देण्याची जी पद्धत वायल्डर यांच्या पिढीला गृहीत वाटत होती, तिचा मोठा प्रयोग आधी श्रीरामपुरास झालेला होता.

केरी कधी कोल्हापुरास आले होते का?

नाही. मराठी मुलखातही ते कधी आले नाहीत.

मग ते कलकत्त्याऐवजी श्रीरामपुरास का राहिले?

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्मप्रचारामुळे लोक बिथरतील आणि व्यापाराला धक्का बसेल, अशी तिला धास्ती होती. ११ नोव्हेंबर १७९३ रोजी डॅनिश जहाजातून उतरलेल्या केरींजवळ परवाना नव्हता. पहिली काही वर्षे त्यांनी माल्दा भागात मदनाबाटी येथे नीळ कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून काढली, आणि त्याच काळात बंगाली व संस्कृतचा पाया घातला. १८०० च्या जानेवारीत ते श्रीरामपुरास आले, कारण हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि तेथील गव्हर्नर मिशनरींना आश्रय देत होता. जोशुआ मार्शमन हे शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हे मुद्रक तेथे त्यांचे सहकारी झाले. तिघांची कुटुंबे एकत्र राहत, एका पंगतीला जेवत आणि सर्वांची कमाई एका तिजोरीत जमा होई. मिशनचा छापखाना याच सामाईक पैशावर वाढला.

कंपनीला मिशनरी नको होते, तर कंपनीच्याच कॉलेजात केरींना नोकरी कशी मिळाली?

गरज पडली म्हणून. लॉर्ड वेलस्ली यांनी १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज काढले ते इंग्लंडहून येणाऱ्या कोवळ्या मुलकी अधिकाऱ्यांना देशी भाषा, कायदा आणि इतिहास शिकविण्यासाठी. १८०१ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून केरींचा बंगाली नवा करार बाहेर पडला, तेव्हा बंगाली शिकवू शकेल असा त्यांच्या तोडीचा दुसरा युरोपीय समोर नव्हता. त्याच वर्षी त्यांची नेमणूक झाली, पण कॉलेजच्या नियमांनुसार प्राध्यापक चर्च ऑफ इंग्लंडचाच असावा लागे, म्हणून या बॅप्टिस्ट पाळकाला 'शिक्षक' हे हुद्द्याने खालचे पद आणि दरमहा ५०० रुपये देण्यात आले. बंगालीपाठोपाठ संस्कृत आणि १८०४ च्या सुमारास मराठी हे विषयही त्यांच्याकडे आले. १८०७ मध्ये ते प्राध्यापक झाले आणि वेतन १,००० रुपये झाले. यातील फार थोडा भाग ते स्वतःसाठी ठेवीत. बाकीचा मिशनच्या तिजोरीत जाई.

मराठी विषय नेमका याच वेळी सुरू झाला, यामागील कारण राजकीय आहे. वसईचा तह १८०२ च्या अखेरीचा आणि असईची लढाई सप्टेंबर १८०३ ची. मराठी मुलखात कारभार करायचा तर मराठी समजणारे अधिकारी हवेत, हे कंपनीला तेव्हा कळून चुकले होते. व्याकरणाच्या पहिल्या पानाआड लढाईची गरज उभी होती, हे आपण विसरू नये, आणि त्यामुळे व्याकरणाचे मोल कमी होते असेही मानण्याचे कारण नाही.

त्यांना 'अभिजात भाषांचे प्राध्यापक' म्हणणे कितपत योग्य आहे?

युरोपीय अर्थाने ग्रीक-लॅटिनचे प्राध्यापक ते नव्हते. त्या भाषा त्यांनी स्वतःच्या अभ्यासासाठी आणि भाषांतरासाठी वापरल्या. शिकविण्याची त्यांची अभिजात भाषा संस्कृत होती. त्यांचे विस्तृत संस्कृत व्याकरण श्रीरामपुरास छापले गेले, १८०४ मध्ये संस्कृत हितोपदेशाची छापील आवृत्ती निघाली, आणि मार्शमन यांच्यासह त्यांनी वाल्मीकि रामायण इंग्रजी भाषांतरासह छापावयास घेतले. १८०६ ते १८१० या काळात त्याचे तीन खंड निघाले. मिशनरीने मिशनच्या छापखान्यात रामायण छापावे याबद्दल इंग्लंडमधील काही धर्मबांधवांना खंत वाटत होती. १८०४ मध्ये कॉलेजच्या जाहीर वादसभेत गव्हर्नर जनरलसमोर त्यांनी संस्कृतमधून भाषण केले होते.

आजच्या सरकारी व्याख्येने पाहिले तर हे वर्णन अधिकच चपखल बसते. संस्कृतला २००५ मध्ये आणि मराठी व बंगाली यांना ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात दर्जा दिला. म्हणजे केरी शिकवीत असलेले तिन्ही विषय आता त्या यादीत आहेत.

त्यांचा दिवस कसा जाई?

१८०६ च्या जूनमधील एका पत्रात त्यांनी एका दिवसाचा हिशेब दिला आहे. सकाळी पावणेसहाला उठून हिब्रू बायबलचा एक अध्याय वाचणे. नंतर नोकरचाकरांसह बंगालीत कौटुंबिक प्रार्थना. चहा होईपर्यंत मुनशीजवळ फारसी, आणि न्याहारीआधी थोडे हिंदुस्तानी. न्याहारी होताच पंडिताबरोबर रामायणाचे भाषांतर. दहापासून दुपारपर्यंत कॉलेज. परतल्यावर बायबलमधील यिर्मयाच्या पुस्तकाच्या बंगाली भाषांतराची मुद्रिते तपासणे. जेवणानंतर कॉलेजच्या मुख्य पंडिताच्या साहाय्याने मत्तयाच्या शुभवर्तमानाचे संस्कृत भाषांतर. संध्याकाळी सहानंतर तेलुगू पंडिताची शिकवणी. साडेसातला इंग्रजीत उपदेश. रात्री नऊपासून अकरापर्यंत बायबलमधील यहेज्केलाच्या पुस्तकाचे बंगाली भाषांतर. मग पत्रे, आणि झोपण्यापूर्वी ग्रीक नव्या करारातील एक अध्याय.

पाळकपण कुठे संपते आणि प्राध्यापकी कुठे सुरू होते, हे या यादीत बोट ठेवून दाखविता येत नाही. कॉलेजचे पंडित बायबलच्या भाषांतराला मदत करीत आणि मिशनचा छापखाना कॉलेजची पाठ्यपुस्तके छापी. टीकाकारांना यात हितसंबंधांची गुंतागुंत दिसेल, आणि ती होतीही.

मराठीसाठी त्यांनी नेमके काय केले?

१८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर श्रीरामपुरास छापले गेले. १८१० मध्ये मराठी–इंग्रजी कोश आला, त्यातील मराठी शब्द मोडीत आहेत. १८११ मध्ये मराठी नवा करार आला आणि पुढील काळात जुना करारही छापून झाला. याशिवाय कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी मराठी गद्याची पुस्तके निघाली: 'सिंहासन बत्तिशी' १८१४ मध्ये, 'हितोपदेश' १८१५ मध्ये, आणि लवकरच 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' व 'रघूजी भोसल्यांची वंशावळी'. प्रतापादित्याचे चरित्र मुळात रामराम बसू यांनी बंगालीत लिहिले होते. मराठी मुलखाशी काडीचा संबंध नसलेला हा बंगाली राजा मराठीच्या आरंभीच्या छापील चरित्रांत कसा येऊन बसला, याचे उत्तर फोर्ट विल्यमच्या वर्गात आहे.

हे सर्व एकट्या केरींनी केले का?

मुळीच नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर आम्ही मुद्दाम सविस्तर देतो. कॉलेजात मराठीचे मुख्य पंडित म्हणून वैजनाथ शर्मा हे नागपूरकडील विद्वान होते. केरींच्या इंग्रजी लेखनात त्यांचे नाव विद्यानाथ अशा रूपात येते. वर उल्लेखिलेली गद्य पुस्तके मराठीत उतरविली ती वैजनाथ पंडितांनी. व्याकरणाची उदाहरणे, शब्दांच्या अर्थच्छटा, कोणता प्रयोग शिष्टांच्या तोंडी आहे आणि कोणता नाही, हे सारे ज्या माणसाला कधी मराठी गावात राहता आले नाही त्याला एखाद्या मराठी माणसाकडूनच मिळणार. केरींनी व्याकरणाच्या प्रस्तावनेत त्यांचे ऋण मान्य केले आहे, पण मुखपृष्ठावर नाव एकट्या केरींचेच राहिले. बंगालीत त्याच कॉलेजातील पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांना निदान साहित्याच्या इतिहासात स्वतंत्र प्रकरण मिळाले; वैजनाथ पंडितांच्या वाट्याला आपल्याकडे एखादे वाक्य येते. केरींना पूर्ण श्रेय द्यायचे असेल तर ते उत्तम संयोजक, कुशाग्र व्याकरणकार आणि आपल्या पंडितांकडून शिकण्यात संकोच न मानणारे विद्यार्थी होते, असे द्यावे. ते अधिक खरे आहे आणि कमीपणाचेही नाही.

अक्षरांच्या बाबतीतही तेच. श्रीरामपूरच्या छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने आणि त्याच्यानंतर त्याचा जावई मनोहर याने घडविले. पंचाननने ही कला चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखाली आत्मसात केली होती.

केरींचे व्याकरण हे मराठीचे पहिले छापील व्याकरण आहे, हे खरे का?

परीक्षेच्या टिपणांत असे सर्रास लिहिलेले असते, पण ते बरोबर नाही. पोर्तुगीज भाषेत लिहिलेले एक मराठी व्याकरण १७७८ मध्येच रोम येथे छापले गेले होते. केरींचे व्याकरण हे इंग्रजीतून लिहिलेले पहिले मराठी व्याकरण आहे, असे म्हणावे. मराठी माणसाने मराठी वाचकांसाठी मराठीतून लिहिलेले, सर्वत्र वापरले गेलेले व्याकरण यायला दादोबा पांडुरंगांचे १८३६ साल उजाडावे लागले.

त्या काळी आपल्या भागात मुद्रण नव्हतेच का?

होते, आणि कोल्हापूरकरांनी अभिमानाने सांगावे असे होते. नाना फडणविसांच्या आश्रयाने भगवद्गीता छापण्याची खटपट सुरू झाली होती. नानांच्या पश्चात तो कारागीर मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांकडे आला, आणि तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून १८०५ मध्ये मिरजेत गीता छापली गेली. श्रीरामपुरास मराठी व्याकरण आणि मिरजेस गीता, दोन्ही एकाच वर्षी. फरक तंत्रात आणि भांडवलात होता. कोरलेला पत्रा एकाच पानाला उपयोगी पडतो. सुटे खिळे मोडून पुन्हा जुळविता येतात. मिरजेचा प्रयोग एका संस्थानिकाच्या हौसेवर अवलंबून होता, तर श्रीरामपूरच्या मागे कॉलेजची खरेदी, बायबल सोसायटीचा पैसा आणि स्वतःचा कागद कारखाना होता.

केरींचे मराठी बायबल आज का वाचले जात नाही?

कारण ते मराठी माणसाला परके वाटे. एकाच वेळी अनेक भाषांत काम काढण्याची केरींना घाई होती. मुळाच्या शब्दामागे शब्द ठेवण्याकडे त्यांचा कल होता. भाषेवर नागपूरकडील वळण होते आणि संस्कृत व बंगालीचे सावटही. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनरींनी ते सुधारीत बसण्यापेक्षा नवे भाषांतर करणे पसंत केले आणि १८१७ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान नव्याने छापले. पुढे किती पिढ्यांनी हे काम हाती घेतले हे पाहिले की भाषांतर एका माणसाच्या आवाक्यातले नव्हतेच हे ध्यानात येते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर तर केरींच्या मराठी नव्या करारानंतर शंभराहून अधिक वर्षांनी पूर्ण झाले.

छापखान्याला आग लागली होती, तेव्हा काय गेले?

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यात आग लागली. कागदाचा साठा, अनेक लिप्यांचे खिळे आणि बरीच हस्तलिखिते जळाली. सर्वांत मोठी हानी झाली ती केरींनी अनेक वर्षे जमविलेल्या बहुभाषी कोशाच्या हस्तलिखिताची. संस्कृतशी इतर भारतीय भाषांतील शब्द ताडून पाहण्याचा तो प्रयत्न होता आणि तो पुन्हा उभा राहिला नाही. खिळ्यांचे मूळ ठसे मात्र बचावले, वितळलेले धातू गोळा करून नवे खिळे ओतण्यात आले आणि काही महिन्यांत छपाई पुन्हा सुरू झाली.

त्यांच्या पत्नीविषयी फारसे का बोलले जात नाही?

चरित्रकारांना ते अडचणीचे वाटते म्हणून. १७८१ मध्ये डोरोथी प्लॅकेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. डोरोथी निरक्षर होत्या. भारतात येण्यास त्या राजी नव्हत्या आणि अगदी अखेरच्या क्षणी, तान्ह्या मुलासह, जहाजावर चढल्या. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला, आणि त्यानंतर डोरोथींचे मानसिक संतुलन ढळले ते सावरले नाही. १८०७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. शेजारच्या खोलीत त्या आक्रोश करीत असताना केरी भाषांतर करीत बसत, हे वर्णन त्यांच्या चिकाटीचा दाखला म्हणून सांगितले जाते, चर्चमधील एका श्रोतीने, "यात चिकाटी कुणाची म्हणायची?" असा प्रश्न केला होता, आणि तो रास्त आहे. पुढे १८०८ मध्ये केरींनी शार्लट रुमोर या विदुषीशी विवाह केला, ज्या १८२१ पर्यंत त्यांच्या कामात सहभागी होत्या. तिसरा विवाह ग्रेस ह्यूज यांच्याशी झाला.

ते धर्मांतरासाठी आले होते, मग त्यांचे ऋण का मानावे?

ते धर्मप्रचारासाठीच आले होते, हे त्यांनी कधी लपविले नाही. हिंदू धर्मग्रंथांविषयी त्यांची मतेही अनेकदा कठोर होती, जरी त्यांनी रामायण मन लावून भाषांतरित केले. ऋण मानायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. व्याकरण, कोश आणि मुद्रण यांचा इतिहास मात्र त्यांना वगळून लिहिता येत नाही.

शाहू महाराजांच्या नगरीत एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. १८०० च्या डिसेंबरात बाप्तिस्मा घेतलेले कृष्ण पाल हे सुतार होते, आणि १८०३ मध्ये त्यांच्या मुलीचा विवाह कृष्णप्रसाद या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाशी लावण्यात आला. मंडळीत जात पाळायची नाही, हा श्रीरामपूरकरांचा नियम होता. सतीच्या प्रथेविरुद्धही केरींनी दीर्घकाळ माहिती गोळा केली. डिसेंबर १८२९ मध्ये बंदीचा कायदा झाला, तेव्हा बंगाली भाषांतरासाठी तो रविवारी सकाळी त्यांच्या हाती आला. उपदेशाची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवून त्यांनी तो संध्याकाळपर्यंत भाषांतरित केला.

वनस्पतिशास्त्राशी त्यांचा काय संबंध?

श्रीरामपुरास त्यांची मोठी बाग होती, १८२० मध्ये त्यांनी कृषी व उद्यानविद्या संस्था स्थापन केली आणि मित्र विल्यम रॉक्सबर्ग यांचा भारतीय वनस्पतींवरील ग्रंथ संपादित करून छापला. रॉक्सबर्ग यांनी एका वृक्षप्रजातीला केरींचे नाव दिले. तो वृक्ष म्हणजे आपला कुंभा. राधानगरी परिसरातील जंगलांत तो सहज दिसतो. ज्याच्या नावाने तो शास्त्रात ओळखला जातो त्याने सह्याद्री पाहिला नव्हता.

श्रीरामपूर कॉलेज अजून आहे का?

आहे. १८१८ मध्ये स्थापन झालेल्या या कॉलेजाला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद दिली आणि पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. पाळक होऊ इच्छिणारे आपल्याकडील अनेक विद्यार्थी पुण्याच्या युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकतात. तेथील ईश्वरविज्ञानाच्या पदव्या श्रीरामपूरच्या सिनेटच्या असतात.

केरींचा मराठी कोश आणि पुस्तके मुळातून वाचायची असतील तर सुरुवात कशी करावी?

व्याकरणाच्या आणि कोशाच्या जुन्या प्रती इंटरनेटवर चित्ररूपात उपलब्ध आहेत. व्याकरण इंग्रजी येणाऱ्याला लगेच वाचता येते. कोशासाठी आणि 'सिंहासन बत्तिशी'सारख्या पुस्तकांसाठी मोडी शिकावी लागेल. छापील मोडी ही दफ्तरातील वळणदार मोडीपेक्षा सोपी असते, कारण अक्षरे सुटी आणि एकसारखी असतात. म्हणून कोल्हापूर पुरालेखागारातील संस्थानी कागदांकडे वळण्याआधी नवशिक्यांनी श्रीरामपूरची छापील पाने सरावाला घ्यावीत, असे आम्ही सुचवितो. शब्दाचा अर्थ ताडून पाहण्यासाठी शेजारी मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश ठेवावा, आणि केरींनी नोंदविलेला शब्द मोल्सवर्थकडे सापडला नाही तर तो चुकीचा आहे असे लगेच न मानता वऱ्हाड-नागपूरकडील बोलीत त्याचा शोध घ्यावा.